तिसऱ्या बॅचचे उंदीर

"मला शास्त्र नको सांगूस, रोहिणी. एवढंच सांग, ती वेल लागू पडते की नाही?"

हळबेसरांच्या पत्नी, सुमतीकाकू, प्रयोगशाळेच्या दारातच उभ्या होत्या. हातात सरांचा डबा होता. सर वर्गावर गेलेत हे बघूनच त्या आल्या असणार. मी तराजूवर पॅरासिटामॉलची पावडर तोलत होते, ती तशीच राहिली.

"काकू, उंदरांच्या एका बॅचला पडली. एका बॅचला नाही पडली."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मलाच कळत नाहीये."

"तुलाच कळत नसेल तर मी विचारायचं कुणाला?" त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "काल दुसरी भाकरी परत ठेवली ह्यांनी. जिना चढताना मधे थांबतात. आणि मला म्हणतात, वय झालं. चोपन्न म्हणजे काय वय आहे का?"

सांगलीकडच्या त्या फार्मसी कॉलेजात सरांच्या हाताखाली पीएचडी करायला लागून मला चौथं वर्ष चालू होतं, आणि सरांच्या लिव्हरची गोष्ट अख्ख्या कॉलेजला ठाऊक होती. तरुणपणी इस्पितळातल्या लॅबमध्ये काम करताना त्यांना सुई टोचली आणि हिपॅटायटिस बी जडला. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू करा म्हणून तीनदा सांगितलं होतं. सर घेत नव्हते. ते रोज सकाळी घेत होते स्वतःच्या वेलीचा काढा, पेलाभर, गेली अकरा वर्षं.

त्या वेलीचं नाव मी इथे सांगणार नाही. अजूनही काही लोक ती उकळून पितात, त्यात भर नको.

"परवा भांडलेच मी," काकू म्हणाल्या. "तेव्हा कुठे म्हणाले, रोहिणीची तिसरी बॅच होऊ दे. वेल फेल गेली तर मुकाट्याने पुण्याला चलतो. पास झाली तर मात्र पुन्हा विषय काढायचा नाही. आता मी देवापुढे काय मागू, सांग. नवऱ्याचं आयुष्यभराचं काम फसू दे म्हणून मागू?"

परवापर्यंत थांबा, असं काहीतरी पुटपुटले. त्या गेल्यावर लक्षात आलं की किती पावडर तोलली हेच मी विसरले होते. सगळी परत ओतून पहिल्यापासून सुरुवात केली.

माझा गोंधळ नेमका काय होता ते सांगते. सरांचं म्हणणं असं, की लिव्हरला विष मारतं ते थेट नाही. विषामुळे पेशींच्या आत सुपरऑक्साइड तयार होतं. "साधा प्राणवायू गं," सर पहिल्या वर्षाच्या पोरांनाही सांगायचे. "एक जादा इलेक्ट्रॉन पदरात पडला की पिसाळतो. समोर येईल त्याला चावतो. आपली वेल त्याला धरून शांत करते." हे नुसतं बोलणं नव्हतं. सुपरऑक्साइड असलं की निळा होणारा एक पिवळसर रंग आम्ही वापरायचो. काचेच्या नळीत वेलीचे दोन थेंब टाकले की निळा रंग धरतच नसे. हे मी स्वतः शंभर वेळा पाहिलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी सरांनी ते उंदरांत दाखवलं. त्यावर त्यांचं नाव झालं. त्यांच्या हाताखालच्या तिघांनी त्याच वेलीवर पीएचडी केली, आणि प्रत्येक वेळी वेल पास झाली.

मग मी आले. माझ्या पहिल्या बॅचला वेल दिलेल्या उंदरांची लिव्हर न दिलेल्यांइतकीच खराब निघाली. त्या लिव्हरचा रस घातलेल्या सगळ्या नळ्या निळ्याशार. सर म्हणाले, "तुझा हात चुकतोय." मी रडले, मग चिडले, मग दुसरी बॅच लावली. तिला वेल अशी पास झाली की सरांच्या जुन्या आकड्यांना मागे टाकलं. सर म्हणाले, "बघ, हात बसला." मी मात्र दोन्ही वेळा अगदी तेच केलं होतं. तीच पावडर, तोच तराजू, तेच पाणी. मला आनंद व्हायला हवा होता आणि नुसती डोकेदुखी झाली होती.

त्या संध्याकाळी पाच वाजता मी अ‍ॅनिमल हाउसमध्ये गेले. तिथे सगळा कारभार तातोबामामांचा. कॉलेज निघालं तेव्हापासूनचा हा माणूस, खाकी शर्ट, कपाळाला बुक्का, आणि उंदरांना धरायचा हात असा की उंदीर त्यांच्या मुठीत झोपी जावा. पांढऱ्या उंदरांचे तीन गट होते, प्रत्येकी सहा. एक निरोगी. दुसऱ्याला नुसतं विष. तिसऱ्याला आठवडाभर रोज वेल, आणि मग विष. आज वेलीचा शेवटचा डोस द्यायचा, मग तिन्ही गटांचं खाणं काढून रात्रभर उपाशी ठेवायचं आणि सकाळी विष म्हणून पॅरासिटामॉलचा मोठा डोस. दुसऱ्या दिवशी ते मारून लिव्हर तपासायची. असा आमचा रिवाज होता.

मामांनी तिसऱ्या गटातला एकेक उंदीर धरला आणि मी तोंडातून नळी घालून काढा सोडला. उंदीर तोंड वाकडं करायचे, पंजांनी मिशा पुसायचे.

"लई कडू हाय वो म्याडम," मामा म्हणाले. "मी एकदा जिभंला लावून बगितलंय. दोन दिस त्वांड धडावर नव्हतं."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं चाखायला?"

"न्हाई, म्हटलं पोरांस्नी पाजायचं तर ठावं असावं."

नुसत्या विषाच्या गटाला मी त्याच नळीने साधं पाणी पाजलं, तिन्ही गटांच्या पिंजऱ्यांतून खाण्याच्या वड्या काढून डब्यात भरल्या आणि दोनदा मोजून खात्री केली. साडेपाचची एसटी होती. "मामा, कुलूप लावा, येते मी," म्हणून निघाले.

सकाळी आठला मी विषाचे डोस सुरू केले. नुसत्या विषाचा गट झाला. तिसऱ्या गटाचे दोन झाले. तिसरा उंदीर ऐन वेळी उसळला, नळी चुकली, विषाचा थेंबही पोटात जायच्या आत तो माझ्या हातातच गेला. चार वर्षांत माझ्याकडून असं एकदाच झालं होतं. मला सरांचे शब्द आठवले, तुझा हात चुकतोय.

नळी फुप्फुसात गेली का ते बघायला हवं होतं. मी तो उंदीर टेबलावर घेऊन उघडला. नळी फुप्फुसातच गेली होती, तेवढं कळलं. मग सवयीने जठर उघडलं.

जठर भरलेलं होतं.

चौदा तास उपाशी असलेल्या उंदराचं जठर रिकाम्या पिशवीसारखं चपटं असतं. हे टम्म होतं. आत पिवळट लगदा, आणि त्या लगद्यात पातळ, तपकिरी सालं. मी एक साल चिमट्याने उचलून उजेडात धरलं. हरभऱ्याचं साल होतं.

आधी वाटलं, मी खाणं काढायला विसरले. मग आठवलं, आमच्या वड्यांत अख्खा हरभरा नसतोच. मग वाटलं, पिंजरा बदलला गेला. पण शेपटीवरची खूण तिसऱ्या गटाचीच होती. माझ्या मनात तर असंही आलं की कोणीतरी मुद्दाम माझा प्रयोग बिघडवतंय. ज्याच्यावर संशय घ्यावा असं कॉलेजात कोणी नव्हतं, तरी दोन-तीन नावं मी मनात घोळवून पाहिली.

मामा मागे झाडत होते. मी साल त्यांच्या पुढे धरलं.

"मामा, हे काय आहे?"

त्यांनी वाकून पाहिलं. "हरबरं."

"उंदराच्या पोटात कुठून आलं?"

"मीच दिल्यालं," मामा म्हणाले. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. "भिजवल्यालं हरबरं आन् गुळाचा खडा. मूठभर टाकतो, तुमी गेल्यावर."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांस्नी कशाला? ज्यांस्नी कडू पाजलंय त्यांस्नी. कडू औषिद दिल्यावर त्वांड ग्वाड करायचं का न्हाई? आमच्या आईनं काडा पाजला की हातावर गूळ ठेवायची. ह्यास्नी तर आई बी न्हाई."

"पण मामा, त्यांना उपाशी ठेवायचं असतं. पाटीवर लिहिलंय."

"वड्या काडल्याच की. वड्या न्हाई दिल्या म्या. तुमी काडल्या त्या डब्यातच हायती. मूठभर हरबऱ्यानं काय उपास मोडतो व्हय? एकादशीला आमी भगर खातोच की."

मला खाली बसावंसं वाटलं. अ‍ॅनिमल हाउसमध्ये खुर्ची नव्हती, म्हणून खाण्याच्या डब्यावर बसले.

"माझ्या पहिल्या बॅचला तुम्ही नव्हता ना हो?"

"थोरलीचं बाळंतपण हुतं. पंदरा दिस रजा. हापिसातला जाधव शिपाई बसवला हुता. त्यो काय देतोय, डोंबल."

"आणि दुसऱ्या बॅचला?"

"हुतो की."

"आणि सरांच्या वेळी? त्यांच्या पहिल्या प्रयोगाला?"

"तवापासनंच तर देतोय," मामा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानही होता. "सरांची औषिदवाली पोरं कदी दगावली न्हाईत. बगा तुमी कागदं काडून."

कागद काढायची गरज नव्हती. हे सगळं मी पहिल्या वर्षी पाठ केलं होतं. लिव्हरच्या पेशीत ग्लुटाथायॉन नावाचा एक साठा असतो. पॅरासिटामॉलचं विष आधी तोच झेलतो. रात्रभर उपास घडला की तो साठा आटतो, मग विषाला अडवायला कोणी उरत नाही, आणि सुपरऑक्साइड मोकाट सुटतं. उपाशी ठेवायचं ते त्यासाठीच. नुसत्या विषाच्या गटाचा साठा आटलेला. वेलीच्या गटाचा, मूठभर हरभऱ्याने का होईना, शाबूत. एकोणीस वर्षं आम्ही मोजत होतो तो उपाशी उंदीर आणि जेवलेला उंदीर यांच्यातला फरक. आंधळं दळत होतं, आणि कुत्रं पीठ खात नव्हतं, उलट पीठ आणून घालत होतं.

मी त्या डब्यावर किती वेळ बसले होते कोण जाणे. उरलेल्या तीन उंदरांना विष द्यायचं बाकी होतं. दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी वेल झोकात पास झाली असती. माझी पीएचडी झाली असती, सरांची एकोणीस वर्षं राहिली असती, मामांना कोणी काही बोललं नसतं. एका मेलेल्या उंदराचं जठर, ते तर कचऱ्यातच जाणार होतं. असं सगळं नीट जुळत होतं, आणि तरी मला भीती वाटत होती, कारण उद्या संध्याकाळी सर घरी जाऊन काकूंना म्हणणार होते, पास झाली, आता विषय संपला.

मी जठर काचेच्या बशीत घेतलं आणि सरांच्या केबिनमध्ये गेले.

सरांनी बशीकडे पाहिलं, सगळं ऐकलं आणि पहिल्यांदा ते चिडले. "हरभऱ्याने काय होतंय? मूठभर हरभरा सहा उंदरांत! तुझा हात चुकला, उंदीर मेला, आणि आता माझ्या कामावर ढकलतेस?"

"सर, माझ्या पहिल्या बॅचला मामा रजेवर होते."

"योगायोग."

"असेल, सर. मला नाही कळत. पण उपाशी का ठेवायचं ते तुम्हीच शिकवलंत."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मामांना बोलावलं. मामा दारात उभे राहिले, हात पुसत. मला वाटलं, आता या माणसाची नोकरी जाणार आणि ती मी घालवली.

"तातोबा, तुम्ही माझ्या उंदरांना हरभरा देत होता?"

"व्हय सर."

"इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नाहीत?"

"तुमी कवा इचारलंच न्हाई," मामा म्हणाले. मग बशीतलं जठर पाहून त्यांचा चेहरा उतरला. "माझ्यामुळं मेलं काय वो हे?"

"नाही," सर म्हणाले. "तुमच्यामुळे बाकीचे जगले."

मामांना ते कळलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. सरांनी त्यांना जायला सांगितलं, अगदी मवाळ आवाजात. मला तिथून जावं की थांबावं हे समजेना.

"यात तुझा प्रबंध बुडाला, हे लक्षात येतंय ना तुझ्या?" सर म्हणाले.

"हो सर."

"मग जठर टाकून का नाही दिलंस?"

"काकूंनी विचारलं होतं, वेल लागू पडते का म्हणून."

त्यांनी बशी आपल्याकडे ओढून घेतली.

चौथी बॅच सरांनी स्वतः लावली. मामांना आधी समोर बसवून उपास म्हणजे काय ते समजावलं, तरी संध्याकाळी कुलूप स्वतः लावून किल्ली खिशात टाकली. त्या आठ दिवसांत ते माझ्याशी कामापलीकडे बोलले नाहीत, आणि मी रोज ठरवायचे की आपण चुकलोय असंच निघू दे. मग काकूंचा चेहरा आठवायचा आणि ठरवलेलं मोडायचं. शेवटच्या दिवशी बारा नळ्या ओळीने स्टँडला लावल्या. सहा नुसत्या विषाच्या, सहा वेलीच्या. सरांनी चिठ्ठ्या न बघता त्या ओळखायचा प्रयत्न केला. त्यांना जमलं नाही. बाराही सारख्याच निळ्या होत्या.

सरांनी नियतकालिकाला पत्र लिहिलं आणि आपला तो जुना निबंध स्वतःहून मागे घेतला. माझा प्रबंध पुढे उपासावरच झाला, दोन वर्षं जास्त लागली. पण ते नंतरचं. त्या आठवड्यात महत्त्वाचं एकच होतं, की पुढच्या सोमवारी सर पुण्याला निघाले. काकू मला म्हणाल्या, तूही चल. मला का न्यायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुण्यात रक्त झालं, सोनोग्राफी झाली, सुईने लिव्हरचा दोऱ्याएवढा तुकडा काढून तपासायला गेला. चार दिवसांनी आम्ही पुन्हा त्या डॉक्टरांपुढे बसलो. डॉक्टर तरुण होते. सरांच्या मागच्या फाइली त्यांनी चाळल्या, तुकड्याचा रिपोर्ट दोनदा वाचला. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं.

"सर, खरं सांगू का?" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही अकरा वर्षं गोळ्या घेतल्या नाहीत, त्या मानाने लिव्हर बरंच चांगलं आहे. व्रण आहेत, पण मला याहून खूप जास्त वाटले होते. इतक्या वर्षांत तुम्ही काही घेत होता का?"

काकू माझ्याकडे पाहायला लागल्या, मी सरांकडे. सरांचा चेहरा क्षणभर असा उजळला की मी घाबरले.

"एका वेलीचा काढा घेत होतो," सर म्हणाले. "रोज, पेलाभर."

"अच्छा." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना खरोखर कुतूहल वाटत होतं. "मग त्याचा उपयोग झाला असेल का? तुम्ही तर त्या विषयातलेच आहात."

टेबलावरच्या रिपोर्टवरून सरांनी एकदा हात फिरवला, स्वतःच्याच लिव्हरच्या रिपोर्टवरून. एकोणीस वर्षं त्यांना या प्रश्नाचं उत्तर पाठ होतं, आणि आत्ता तर समोरचा माणूस ते आयतं त्यांच्या हातात देत होता.

"माहीत नाही," सर म्हणाले. "तुम्ही गोळ्या लिहून द्या."